कारखाना बंद असतो तेव्हा

साखर कारखान्यावर लेख म्हटलं की वाचकाला निवडणूक आठवते, नाहीतर एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर. संपादकांनाही तसंच काहीतरी हवं होतं: जुन्नर-आंबेगावातल्या कारखानदारीचा इतिहास. तो थोडक्यात असा. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगरला विघ्नहर, निवृत्तीशेठ शेरकरांनी उभा केलेला. आंबेगावात पारगावजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर, दिलीप वळसे पाटलांच्या पुढाकाराचा. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणं झाली, कालवे फिरले, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला आणि उसाच्या मागोमाग कारखाने आले. बिबटेही आले. बाकीचं कारखान्यांच्या अहवालात सापडेल.

माझं लक्ष गुंतलं ते ऑफ सीझनमध्ये. शेवटची मोळी गव्हाणीत पडली, धुराडं थंडावलं की बाहेरच्याला वाटतं, आता पाच-सहा महिने सुट्टी. प्रत्यक्षात तेव्हाच यंत्रांची पोटं उघडतात. या पट्ट्यातल्या एका कारखान्यात (नाव सांगत नाही, कारण पुढचं सगळं इतरत्रही तितकंच लागू आहे) एक जुने फिटर भेटले. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांचं काम नळ्या घासायचं आणि घासून घ्यायचं.

या नळ्या इव्हॅपोरेटरच्या. स्वच्छ केलेल्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी, पंधराच्या आसपास असतं आणि पाक साठच्या आसपास लागतो. म्हणजे शंभर किलो रसातलं पंचाहत्तर किलो पाणी उडवायचं. गुऱ्हाळात हे काम काहिलीखालचा जाळ करतो आणि उठलेली वाफ आभाळात जाते. कारखान्यात चार-पाच उंच भांडी ओळीने उभी असतात. कामगारांच्या तोंडी त्या ‘बॉडी’. पहिल्या बॉडीत रसातून सुटलेली वाफ दुसरीला तापवते, दुसरीतली तिसरीला. दर बॉडीत दाब कमी होत जातो. शेवटच्या बॉडीत तर निर्वात, त्यामुळे रस साठ अंशांच्या आसपासच उकळतो. एक किलो वाफेवर चार बॉडींत जवळजवळ चार किलो पाणी उडतं.

ही युक्ती न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यूची. बाप गोरा मळेवाला, आई कृष्णवर्णीय, शिक्षण पॅरिसला. 1843 मध्ये त्याने पेटंट घेतलं. तोवर लुइझियानात गुलाम माणसं उकळता रस पळीने एका कढईतून दुसरीत ओतत आणि भाजत. रिल्यूचं नाव आपल्याकडच्या किती कारखान्यांत ठाऊक असेल, कोण जाणे. आज सर्रास दिसणारी उभ्या नळ्यांची बॉडी मात्र मोराव्हियातल्या रॉबर्टच्या नावाने ओळखली जाते.

आता घाण. आपल्याकडे रसात चुना आणि गंधकाचा धूर सोडून तो स्वच्छ करतात. तरी क्षार उरतात. अंघोळीच्या बंबात जसा थर धरतो तसा तो या नळ्यांत धरतो, पण सगळीकडे सारखा नाही. पहिल्या बॉडींत फॉस्फेट आणि सेंद्रिय गाळ, तो त्यातल्या त्यात मऊ. शेवटच्या बॉडींत रस दाट होतो तसं सिलिका आणि कॅल्शियम सल्फेट बसतं, कठीण. असं कवच उष्णता वाहण्यात पोलादाच्या पन्नास पट तरी मागे. अर्धा मिलिमीटर थर म्हणजे नळीवर अडीच सेंटिमीटर पोलाद चढवल्यासारखं. मग वाफ जास्त लागते, बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जास्त जळतो, गाळप मंदावतं.

हंगामात ठरावीक दिवसांनी ही सफाई असतेच, पण ती घाईची. कसून होते ती उन्हाळ्यात. आधी कॉस्टिक सोडा पाण्यात मिसळून बॉडीत काही तास उकळतात, मग धुतात. त्यानंतर मॅनहोलमधून माणूस वरच्या ट्यूब प्लेटवर उतरतो. मोटरला जोडलेल्या लवचीक शाफ्टच्या टोकाला ब्रश किंवा कटर असतो, तो एकेका नळीत वरून खाली जातो. नळी साधारण दोन मीटर लांब, मोठ्या बॉडीत अशा हजारो. प्लेटच्या मधोमध रस खाली परतण्यासाठी मोठं भोक असतं. त्यावर फळी टाकल्याशिवाय नाना कुणाला पाय ठेवू देत नाहीत. घासून झालेल्या नळीवर खडूची खूण, खालून बॅटरी धरून तपासणी. ब्रश जास्त रेटला तर नळी पातळ होते आणि पुढच्या हंगामात गळते. म्हणून नाना मोटरचा आवाज ऐकतात. थर सुटला की आवाज हलका होतो, तिथे थांबायचं. मला दोन्ही आवाज सारखेच ऐकू आले.

नळी गळली की नुकसान एकट्या इव्हॅपोरेटरचं नसतं. पहिल्या बॉडीत वाफ निवून झालेलं गरम पाणी बॉयलरला जातं. त्यात साखर उतरली तर बॉयलरचं पाणी आम्ल होतं, फेसाळतं. म्हणून हंगामात प्रयोगशाळेतलं पोरगं परीक्षानळीत अल्फा नॅफ्थॉल आणि गंधकाम्ल घालून जांभळं वर्तुळ येतंय का ते पुन्हा पुन्हा पाहतं.

बॉयलरची सफाई वेगळीच. बगॅसमध्ये जवळजवळ निम्मं पाणी आणि राखेत भरपूर सिलिका. भट्टीतला धूर धुराड्याकडे जाताना एअर प्रीहीटरच्या नळ्यांतून जातो आणि बाहेरून येणारी हवा तापवतो. त्या नळ्या राखेने बुजल्या की ओढणाऱ्या पंख्यावर, म्हणजे आयडी फॅनवर, भार वाढतो आणि भट्टी दारातून ज्वाळा ओकू लागते. उन्हाळ्यात लांब सळया घालून एकेक नळी मोकळी करायची, पंख्याची राखेने झिजलेली पाती वेल्डिंगने भरायची, पुन्हा तोल साधायचा. त्यानंतर सरकारी बॉयलर निरीक्षक येतो. ही तपासणी आपल्याकडे अपघातातून आली: 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, पुढच्याच वर्षी बंगालमध्ये कायदा झाला. देशभरासाठीचा कायदा 1923 चा, त्याच्या जागी 2025 मध्ये नवा आला.

बॉयलरसाठी निरीक्षक आहे. बॉडीत उतरणाऱ्या माणसासाठी काय आहे? कागदावर बरंच आहे. बंदिस्त जागेत नेण्याच्या दिव्याला 1948 च्या कारखाने अधिनियमाने 24 व्होल्टची मर्यादा घातली. आत उतरण्याआधी वाफेच्या आणि रसाच्या लाइनी नुसत्या व्हॉल्व्हवर न सोडता ब्लाइंड, म्हणजे बंद चकती, टाकून तोडायच्या, ब्लोअरने हवा खेळवायची, प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली नाही हे मीटरने बघायचं, मॅनहोलपाशी एक माणूस शेवटपर्यंत उभा ठेवायचा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली लोखंडी भांड्याच्या पोटात, सोड्याच्या वासात, रबरी बूट आणि गॉगल घालून उकिडवं बसायचं म्हणजे काय, ते आत डोकावल्यावर पाचच मिनिटांत कळतं. गॉगलवर वाफ धरते. मग तो कपाळावर जातो. अपघात अशाच वेळी होतात.

ही कामं आता बरीचशी कंत्राटदाराच्या टोळ्या करतात, आणि काही ठिकाणी ब्रशऐवजी उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा, हायड्रोजेट, आला आहे. हायड्रोजेट चांगला, माणूस वाकून राहत नाही, नळी कमी झिजते. पण त्या दाबाचं पाणी हाताला लागलं तर कातडी फाडून आत शिरतं. टोळीतलं पोरगं यंदा इथे, पुढच्या वर्षी सोलापूरकडे. त्याला शेवटच्या बॉडीचा थर आणि पहिल्या बॉडीचा थर यांतला फरक कुणी सांगायचा? नानांना विचारलं तर सांगतील, पण टोळीला काम उरकायची घाई असते आणि नाना निवृत्तीला आलेत. त्यांच्या हाताखाली कायम नोकरीतलं कुणी उरलेलं नाही. ऊस कमी पडला की हंगाम आखडतो, कायम माणसांचा पगार डोईजड वाटू लागतो, आणि कात्री आधी अशाच कामांवर चालते.

कारखान्याच्या वार्षिक अहवालात उतारा दशांशापर्यंत छापतात, किती युनिट वीज विकली तेही छापतात. बॉडीत आणि बॉयलरमध्ये किती माणसं उतरली, त्यांतली कायम किती, कंत्राटी किती, आणि हवा मोजायचा मीटर कारखान्याचा होता की कंत्राटदाराचा, एवढी एक ओळ मी कुठल्याही अहवालात वाचलेली नाही. ती मागायला सभासदाला कुणाची आडकाठी नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. तोवर नळ्या घासून झालेल्या असतात आणि टोळी पुढच्या कामावर गेलेली असते, तेव्हा प्रश्न मार्चमध्येच लेखी दिलेला बरा.