आयाबायांचा आवाज आणि मुठीएवढे यंत्र

बाबासाहेबांचा फोटो नाही असे घर आपल्या समाजात शोधून सापडणार नाही. शेजारी तथागतांची मूर्ती असते, लग्नाचे अल्बम असतात, मुलांची प्रमाणपत्रे फ्रेम करून टांगलेली असतात. पण वाचकहो, आपल्यापैकी किती जणांच्या घरात आपल्या आजीचा आवाज आहे? दळताना ती भीमाच्या ज्या ओव्या म्हणत होती, त्या कुणी जपून ठेवल्या आहेत?

खुद्द बाबासाहेबांचा आवाजही आपल्याकडे फार थोडा उरला आहे. १९५५ साली बीबीसीने घेतलेली त्यांची इंग्रजी मुलाखत आज मोबाईलवर ऐकता येते. ती ऐकताना अंगावर काटा येतो. पण ज्या लाखो लोकांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्यातल्या माता-भगिनींनी घरी परतल्यावर जात्यावर काय गायिले असेल, ते कोणाच्या ध्वनिफितीत आहे? ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी इतिहास गळ्यात ठेवला. गळा मिटला की इतिहासही मिटतो.

हे सगळे मला सुचले ते एका मुठीएवढ्या यंत्रामुळे. भिशीचा नंबर लागला तेव्हा सोन्याची रिंग करायची की हे घ्यायचे, असा घरात वाद झाला होता. एका गायन पार्टीत ढोलकी वाजवणाऱ्या मुलाने नवा घेतल्यावर आपला जुना डिजिटल रेकॉर्डर विकायला काढला होता. साडेचार हजारांना मिळाला. साबणाच्या वडीपेक्षा थोडा लांब, डोक्यावर दोन छोटे माईक, पोटात दोन पेन्सिल सेल, बाजूला नखाएवढे कार्ड. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशात हा खेळणा आणलास?" मी गप्प बसले. कारण मला आत्याच्या ओव्या घ्यायच्या होत्या.

माझी आत्या मराठवाड्यातली. १९७२च्या दुष्काळानंतर नवऱ्याच्या मागे भिवंडीला आली. आधी मागांच्या कारखान्यात कांड्या भरल्या, मग घरी बसून भरल्या. आता वय ऐंशीच्या पुढे. ऐकू कमी येते. भिवंडीत मागाच्या खटखटीत ज्यांची हयात गेली, त्यांचे कान असेच जातात. पण ओव्या तिला पाठ. बाबासाहेब म्हणजे मोटारीत बसून माहेराहून भेटायला आलेला भाऊ, रमाई म्हणजे मायेची भावजय, असे तिचे सगळे जग.

एका दुपारी मी तिच्या खोलीत यंत्र नेऊन ठेवले. "आत्या, आता म्हण गं," म्हटले. ती लाजली, पदर तोंडाला लावला, मग सुरू झाली. पाऊण तास गात होती. कुठे थांबली नाही, कुठे अडखळली नाही. मी लाल दिव्याकडे पाहत होते. दिवा लुकलुकत होता. मला वाटले, चालले आहे.

चालले नव्हते. या यंत्राचे लाल बटण एकदा दाबले की ते नुसते तयारीत उभे राहते आणि दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबले की मग रेकॉर्डिंग सुरू होते आणि दिवा स्थिर राहतो. पुढच्या सेकंदांचे आकडे पळू लागतात. मला हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. घरी येऊन कार्ड लावले तर रिकामे! त्या रात्री मला जेवण गेले नाही.

तीन दिवसांनी पुन्हा गेले. आत्या म्हणाली, "अगं पोरी, त्या दिशी आल्या त्या आल्या. बोलावल्या की येत्यात का त्या?" कशाबशा आठ ओव्या झाल्या. त्यातल्या दोनदा तिने मान हलवून "न्हाई, अशी न्हाई" म्हणत सोडून दिल्या.

आपल्या बायांच्या या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवां या दोघांनी ऐंशीच्या दशकापासून खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. मुळशीच्या डोंगरातल्या कष्टकरी बाया त्यांच्या कामात सामील झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक सोबतीला आले आणि ध्वनिमुद्रणाची बाजू भक्कम झाली. एक लाखाच्या वर ओव्या कागदावर उतरल्या आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आल्या आहेत.

त्यात आपल्यासाठी सर्वांत मोलाचे गाव कोणते? बीड जिल्ह्यातले माजलगाव. तिथल्या भीमनगर वस्तीत १९९६ साली राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्यासोबतच्या बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्या संग्रहात आहेत. मी त्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा कान टवकारले, कारण चाल अगदी आत्याची. ना व्यासपीठ, ना बिदागी, ना पोस्टरवर नाव. तरीही आज जगाच्या पाठीवर कोणीही त्या ऐकू शकतो, कारण त्या दिवशी कोणीतरी यंत्र घेऊन त्या वस्तीत गेले होते आणि यंत्र खरोखर सुरू होते!

आपल्या चळवळीत गाण्याला किती मान होता ते नव्याने सांगायला नको. भीमराव कर्डकांच्या जलशांनी गावोगाव विचार नेला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गाणी रचली आणि खेडोपाडी फिरून गायिली. पुढे कॅसेटचा जमाना आला आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज पानाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत पोहोचला. विलास घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या १९८५च्या 'हमारा शहर' या माहितीपटात राहिला. १९९७मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर घोगरे यांनी जीव दिला, तेव्हा मागे राहिलेला तो आवाज केवढा मोलाचा ठरला! मात्र हे सगळे पुरुष, आणि मंचावरचे. चुलीपाशी गाणाऱ्या बाईकडे माईक घेऊन जाणारे फार थोडे निघाले. कॅसेट कंपनीला तिच्यात धंदा दिसला नाही, आणि खरे बोलायचे तर आपल्या मंडळांनाही ती दिसली नाही.

आता कोणी म्हणेल, मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे, वेगळे यंत्र कशाला? काहीच नसेल तर मोबाईलवर जरूर घ्या, नुसते राहू देऊ नका. पण फरक आहे. आजी रंगात आली असताना फोन वाजतो. शिवाय बहुतेक मोबाईल बोलण्यासाठी बनवलेले असतात. मागचा आवाज तो गोंगाट समजून दाबतो. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, सोबतीण देते ती साथ, हे सगळे त्याच्या लेखी गोंगाट! आपल्याला तर तेच हवे असते. रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपल्या हाताने ठेवता येते.

ही पातळी म्हणजे सगळ्यात नाजूक काम. ती जास्त ठेवली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कोणालाही शिवता येत नाही. भीमजयंतीच्या कव्वालीच्या सामन्यात मी स्पीकरसमोर उभी राहून तासभर घेतले, सगळे फाटके निघाले. ते दुसऱ्या वर्षी स्पीकरपासून दूर, प्रेक्षकांच्या मधे बसून, पातळी निम्म्यावर आणून घेतले तेव्हा ढोलकीची थापही सुटी ऐकू आली. पडद्यावर शून्य असते, तिथवर पट्टी जाऊच द्यायची नाही. सर्वांत मोठा आवाज वजा बारा ते वजा सहाच्या मधे राहिला की बरे. घरात एकटी बाई गात असेल तर यंत्र तिच्या तोंडापासून दीड-दोन वितींवर, थोडे बाजूला ठेवावे. अगदी समोर धरले तर श्वास फुसफुसतो. खाली घडी घातलेली गोधडी ठेवावी, म्हणजे भांड्याचा, पायाचा धक्का आत जात नाही. कानाला इअरफोन लावून आधी अर्धा मिनिट घ्यावे, थांबवावे, ऐकावे. एवढे केले असते तर माझा तो पाऊण तास वाचला असता.

फाइल कोणती करायची? 'वेव्ह' प्रकारात घ्यावी असे मी आता सांगते. सीडीच्या दर्जाच्या वेव्हला तासाला सहाशे एमबीहून थोडी जास्त जागा लागते. एमपी-थ्री तासाला साठ एमबीत मावते, पण त्यात आवाजातला काही भाग कायमचा गाळला जातो. बत्तीस जीबीच्या कार्डात पन्नास तासांच्या आसपास वेव्ह बसते. एवढे गाणारी बाई मला अजून भेटायची आहे! पाठवायला एमपी-थ्री करून घ्यावी, मूळ जपून ठेवावी. सेल नवे टाकूनच बसावे, कारण मधेच सेल गेला तर फाइल बंद न होता अर्धवट राहण्याची भीती असते. घरी आल्याबरोबर दोन ठिकाणी प्रत करावी, एक आपल्याकडे आणि एक दुसऱ्याच्या घरी. कार्ड म्हणजे तिजोरी नव्हे.

आणि भिवंडीत राहणाऱ्यांना खास सांगायचे ते मागाविषयी. आमच्या भिंतीला भिंत लावून माग आहेत. दिवसा घेतलेल्या प्रत्येक फाइलमध्ये ती खटखट आहे. सुरुवातीला मी चिडायचे. मग माग बंद असतील त्या दिवशी, पंखा बंद करून, मुलांना बाहेर पिटाळून घेऊ लागले. पण एक फाइल मी खटखटीसकट ठेवली आहे. आत्या त्या आवाजाच्या तालावर गात होती हे मला नंतर ऐकताना कळले.

एक गोष्ट मात्र यंत्र शिकवत नाही. कोण गाते, कुठल्या गावची, ओवी कोणाकडून शिकली, तारीख कोणती, हे बोलून त्याच फाइलच्या सुरुवातीला घ्यावे. नावाशिवाय आवाज म्हणजे पुन्हा आपल्या बाईला बिननावाची करून ठेवणे झाले. आणि तिची परवानगी घ्यावी. घरात ठेवायला दिलेले गाणे परस्पर यूट्यूबवर टाकू नये. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या सादरीकरणावर त्यांचा स्वतंत्र हक्क मान्य केला आहे. तो मोठ्या गायकांसाठीच आहे असे समजू नये. आत्याला विचारले तेव्हा तिने दोन ओव्या बाजूला काढल्या. त्यात सासूला शिव्या होत्या. "ह्या लोकांस्नी न्हाई ऐकवायच्या," म्हणाली. त्या आमच्या दोघींतच आहेत.

उरलेल्या ओव्यांचे काय झाले ते सांगायचे राहिले. कितीही बसले तरी आत्याला त्या येईनात. मग एका वडीलधाऱ्या उपासिकेने विहारात सहज म्हटले, "अगं, तिच्या हातात जातं दे." भिवंडीत आता जाते कुठून आणायचे? शेजारच्या आगरी कुटुंबात हळदीच्या कार्यासाठी ठेवलेले होते. दोघा पोरांनी रिक्षातून आणले. खाली पोते अंथरले, मूठभर ज्वारी टाकली. आत्याने खुंटा धरला, दोन फेरे नुसतेच फिरवले. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली, मग दुसरी, मग ती थांबेचना. शेजारच्या दोन बाया येऊन बसल्या आणि शेवटच्या शब्दाला साथ देऊ लागल्या. एकीला तर स्वतःच्या आईच्या चार ओव्या आठवल्या. जात्याची घरघर जास्त होती म्हणून मी यंत्र आत्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूला, उंच स्टुलावर ठेवले होते. दिवा स्थिर होता. तो मी दहा वेळा पाहिला.

त्या दिवशी सदतीस ओव्या मिळाल्या. पहिल्या पाऊण तासात होत्या त्यातल्या काही यात नाहीत, हे मला पक्के ठाऊक आहे. दीक्षेला गेलेल्या दिराची एक मोठी ओवी होती, ती परत आलीच नाही.

संध्याकाळी इअरफोन तिच्या कानात घातला, आवाज मोठा केला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मला वाटले, रडेल. ती म्हणाली, "बारावी चुकली बघ. आधी रमाईचं नाव येतंय, मी भीमाचं घेतलं. परत घे." जाते अजून न्यायचे होते, ज्वारीही थोडी उरली होती. परत घेतली.