रिकामे हात, अस्वस्थ मन

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांना तपासताना मी एक प्रश्न आवर्जून विचारतो, ‘‘काल दिवसभरात तुम्ही काय काय केलेत?’’ भूक, झोप आणि शौच यांच्या बरोबरीने हा प्रश्न विचारण्याची सवय मला काही वर्षांपूर्वी एका आजींमुळे लागली. त्या प्रकरणात माझीही चूक होती, म्हणून ती हकिकत आधी सांगतो.

आजी ७६ वर्षांच्या. यजमान गेल्यावर गावचे घर बंद करून त्या मुलाकडे शहरात राहायला आल्या. तीन-चार महिन्यांतच छातीत धडधड, हाताला कंप, पहाटे तीनला जाग आणि ‘काहीतरी वाईट घडणार’ अशी सततची धास्ती सुरू झाली. हृदयाचा आलेख, थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, सारे ठीक निघाले. मी चिंताविकाराचे निदान केले आणि रात्री घेण्यासाठी एक गोळी लिहून दिली. काही आठवडे झोप लागली. मग एका रात्री लघवीला उठताना त्यांचा तोल गेला आणि मनगट मुरगळले. हाड मोडले नाही, हे नशीब. अशा गोळ्यांमुळे वृद्धांचा तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, हे मला ठाऊक होते. तरीही गोळी लिहिणे सोपे होते आणि मी ते सोपे काम केले.

मनगटाची पट्टी बदलायला त्या आल्या तेव्हा मी प्रथमच विचारले, ‘‘आजी, दिवसभर काय करता?’’

‘‘काय करणार डॉक्टर? बसते. सूनबाई कप विसळायलासुद्धा उठू देत नाही.’’

शेजारी उभ्या असलेल्या सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ‘‘आईंनी जन्मभर कष्ट केले. आता तरी त्यांनी आराम करावा, एवढेच मला वाटते,’’ त्या म्हणाल्या.

दोघींचेही खरे होते. परंतु ज्या बाईने पन्नास वर्षे अंगण झाडले, धान्य निवडले, पापड लाटले, तिच्या हातांना या घरात कामच उरले नव्हते. हात रिकामे राहिले आणि मनाला एकच उद्योग उरला, काळजी करण्याचा.

शरीरात काय घडते?

भीती वाटली की शरीर संकटाला तोंड देण्याची तयारी करते. अ‍ॅड्रेनलिन स्रवते, ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात. खरे संकट समोर असेल तर ही तयारी उपयोगी पडते. काळजीत मात्र संकट केवळ विचारात असते, त्यामुळे तयारी संपतच नाही. ‘काळजी करू नका’ असे सांगून ती थांबत नाही, कारण ही यंत्रणा उपदेश ऐकत नाही.

तिला दोन वाटांनी शांत करता येते. पहिली वाट श्वासाची. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून ज्या कृतीत उच्छ्वास आपोआप लांबतो, ती शरीराला शांतवते. दुसरी वाट लक्षाची. हातांना सोपे, लयबद्ध आणि थोडे लक्ष मागणारे काम मिळाले की काळजीला मनात पूर्वीइतकी जागा राहत नाही.

याखेरीज एक मानसिक कारणही आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धनिवासात केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका गटातील वृद्धांना आपापले निर्णय स्वतः घेण्यास सांगण्यात आले आणि सांभाळण्यासाठी एकेक रोप देण्यात आले. दुसऱ्या गटालाही रोपे मिळाली, पण त्यांना पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे होते आणि ‘तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ’ असे त्यांना सांगण्यात आले होते. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक आनंदी आणि अधिक सक्रिय आढळला. प्रयोग छोटा होता, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तथापि आपल्या घरांशी त्याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे वाक्य प्रेमाचे असते, पण रोज ऐकले की त्याचा अर्थ ‘तुमची गरज नाही’ असा होऊ लागतो.

घरातल्या घरात करण्याजोगे

*हातांसाठी.* कापसाच्या वाती आणि फुलवाती वळणे, मेथी-कोथिंबीर निवडणे, मटार सोलणे, फुलांचा हार ओवणे, जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवणे, विणकाम ही सारी कामे लयीची आहेत. सांधेदुखी असल्यास वीस मिनिटांनी थांबून बोटे मोकळी करावीत. उजेड पाठीमागून किंवा बाजूने येईल असे बसावे. सुईत दोरा ओवणे पूर्वीपेक्षा फारच अवघड वाटू लागले असेल तर डोळे तपासून घ्यावेत. अनेकदा मोतीबिंदू असाच लक्षात येतो.

*श्वासासाठी.* हरिपाठ, आरती, भावगीत, नाट्यपद, जे आवडते ते मोठ्याने म्हणावे. गाताना श्वास पटकन घेऊन सावकाश सोडावा लागतो, म्हणजे मघाशी सांगितलेला दीर्घ उच्छ्वास न शिकवताच साधतो. आवाज बेसूर असला तरी हृदयाला त्याचे सोयरसुतक नसते. भजनी मंडळात जाता आले तर सोबतही मिळते. नातवंडांना गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणे हाही त्याच जातीचा व्यायाम आहे.

*पायांसाठी.* ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हा आकडा पाहून घाबरू नये. प्रकृतीला झेपेल तेवढ्यापासून आरंभ करावा. दहा मिनिटांच्या दोन फेऱ्याही चालतील. चालता चालता बोलता येते पण गाता येत नाही, हा मध्यम श्रमाचा सोपा मापदंड. फेरीला एखादे निमित्त जोडावे, जसे देवळात जाणे, दूध आणणे किंवा वाचनालयात पुस्तक बदलणे. निमित्त असले की पाय आपोआप निघतात.

*झाडांसाठी.* बाल्कनीत तुळस, गवती चहा, पुदिना किंवा कढीपत्ता सहज येतो. पसरट कुंडीत मेथीचे दाणे पेरले तर काही दिवसांतच अंकुर दिसतात. अधीर मनाला हे पीक फार मानवते. वाकावे लागू नये म्हणून कुंडी उंचावर ठेवावी, बादलीऐवजी लहान लोटी वापरावी. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी मातीत उतरू नये.

*सोबतीसाठी.* झब्बू, बदाम सात, कॅरम, शब्दकोडे यांपैकी काहीही चालेल. अथवा जुने फोटो काढून बसावे आणि प्रत्येक फोटोची हकिकत घरातल्या तरुणाने लिहून घ्यावी. आजीच्या हातच्या मसाल्याचे प्रमाण, आजोबांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट हे सारे सांगताना वृद्ध माणूस सांभाळला जाणारा राहत नाही, देणारा होतो.

औषधाप्रमाणे मात्रा

रुग्णांना मी चार नियम सांगतो. पहिला, निवड त्यांचीच असावी. ‘तिशीत-चाळिशीत फावल्या वेळी काय करत होता?’ असे विचारले की बहुधा उत्तर सापडते. दुसरा, वेळ ठरलेली असावी. पंधरा-वीस मिनिटेच, पण रोज. ज्या सुमारास धास्ती वाढते, अनेकांच्या बाबतीत ती दिवेलागण असते, त्याच्या थोडे आधी काम हाती घ्यावे. तिसरा, मन लागण्याची वाट पाहू नये. ‘बरे वाटले की करीन’ असे म्हणणाऱ्याला बहुधा बरे वाटत नाही. आधी कृती, मागाहून मन, असाच क्रम असतो. चौथा नियम घरच्यांसाठी आहे. काम खरे असावे. आजींनी निवडलेली मेथी त्यांच्यासमोर पुन्हा निवडायला घेऊ नये. चार काड्या भाजीत आल्या तर येऊ द्याव्यात.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला एका वेळी एकच पायरी असलेले काम द्यावे, जसे रुमालांच्या घड्या घालणे. घडी चुकली तर हसू नये, चूक दाखवूही नये.

सांभाळणाऱ्यांचे काय?

त्या दिवशी मी सूनबाईंचाही रक्तदाब मोजला. तो वाढलेला होता. नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंची आजारपणे यांत त्यांनी कित्येक महिन्यांत स्वतःसाठी काही केलेले नव्हते. सांभाळणारा माणूस थकला की त्याचा स्वर चढतो, मग त्याला अपराधी वाटते आणि त्या अपराधातून तो आणखी राबतो. हे चक्र मी अनेक घरांत पाहतो. म्हणून शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाला रोज अर्धा तास स्वतःचा हवा. त्या वेळी घरातील दुसऱ्या कोणी जबाबदारी घ्यावी. हा अर्धा तास मी उपचारपत्रकावर लिहून देतो, म्हणजे तो मागण्याचा संकोच वाटत नाही.

हे पुरेसे नसते तेव्हा

साठीनंतर प्रथमच चिंतेचा त्रास सुरू झाला तर तपासणी टाळू नये. थायरॉइडची अतिक्रियाशीलता, रक्तक्षय, साखर कमी होणे, हृदयाचे अनियमित ठोके यांचीही लक्षणे अशीच असतात. दम्याचे काही पंप, स्टेरॉइड आणि संध्याकाळचा कडक चहा-कॉफी यांनीही धडधड वाढते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सर्व औषधे बरोबर न्यावीत. छातीत दुखणे, दरदरून घाम किंवा धाप लागणे याला ‘टेन्शन’ समजून घरी थांबू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, अन्नावरची वासना जाणे किंवा ‘आता जगून काय करायचे’ अशी भाषा असेल तर ती गांभीर्याने घ्यावी. शासनाच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा १४५६७ आहे. दोन्ही क्रमांक घरातील दूरध्वनीजवळ लिहून ठेवावेत. आणि झोपेची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये.

आजींची गोळी मी काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करत थांबवली. गोळीऐवजी लिहून दिले ते असे: सकाळी भाजी निवडणे, संध्याकाळी सहाला वाती, रविवारी इमारतीतल्या बायकांबरोबर हरिपाठ. धास्ती पूर्णपणे गेली असे नाही. श्राद्धाचा महिना आला की ती अजूनही डोके वर काढते. पण आता तिचे काय करायचे, हे आजींना कळते.

गेल्या दिवाळीपूर्वी त्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून फुलवातींचा एक डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. ‘‘घरी घेऊन जा डॉक्टर. इमारतीतल्या सगळ्यांना पुरून उरल्यात.’’

मी नेहमीप्रमाणे विचारले, ‘‘आजी, काल दिवसभरात काय काय केलेत?’’

त्या सांगू लागल्या. यादी बरीच मोठी होती. बाहेर रुग्ण खोळंबले होते, तरी मी ती शेवटपर्यंत ऐकली.