वूफर घेताय? आधी वायरचं बोला

गाडीच्या स्टिरिओच्या माहितीपत्रकात हमखास एक आकडा झळकतो : 4 × 50 वॅट. तो अगदीच खोटा नसतो, पण गाणं ऐकायच्या कामाचाही नसतो. इंजिन चालू असताना गाडीतली वीज साधारण 14 व्होल्टची. चार ओहमच्या स्पीकरवर तेवढ्या व्होल्टेजमधून स्वच्छ आवाजाचे, कागदावरच्या हिशेबाने, जेमतेम 25 वॅट निघतात. चिपमधला तोटा वजा केला की हाती उरतात पंधरा-वीस. पन्नासचा आकडा गाठायचा तर ध्वनिलहरींची टोकं पार छाटावी लागतात. म्हणजे आवाज फाटतो.

स्टिरिओ बदलून फारसा फरक पडत नाही, कारण महागडा स्टिरिओही बहुधा त्याच 14 व्होल्टांवर चालतो. वेगळ्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं. त्याच्या किमतीतला बराच पैसा त्यासाठीच जातो.

वूफर लागतो तो वेगळ्या कारणाने. आवाज जितका खालच्या पट्टीतला, तितकी जास्त हवा ढकलावी लागते. 80 हर्ट्झवरून 40 हर्ट्झवर उतरलं, की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या कोनला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला हे झेपत नाही. ढोलाचा ठोका सांभाळताना तो गायकाचा आवाजही गढूळ करतो. म्हणून साधारण 80 हर्ट्झच्या खालचं काम वूफरकडे द्यायचं आणि शक्य असेल तर दारातल्या स्पीकरना त्यातून मोकळं करायचं. खूप जणांना वूफर बसवल्यावर पहिला फरक जाणवतो तो गाण्याचे शब्द स्पष्ट ऐकू येण्यात.

गाडीचा एक फायदाही आहे. 40 हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते आणि बंद गाडी त्यापेक्षा खूपच लहान. त्यामुळे आत हवेचा दाबच वरखाली होतो आणि खालचे स्वर आपोआप उचलले जातात. म्हणून सीटखाली मावणारा आठ इंची वूफरही गाडीत पुरेसा वाटतो. सीएनजीच्या सिलिंडरने डिकी अडवली असेल, तर बहुतेकदा तोच पर्याय उरतो. डिकी मोकळी असेल तर बंद पेटी घट्ट, नेमका ठोका देते. छिद्राची पेटी तेवढ्याच वॅटमध्ये जास्त दणका देते, पण जागाही जास्त खाते.

मूळ स्टिरिओला मागे आरसीए जोडणी बहुधा नसते, म्हणून सिग्नल स्पीकरच्या वायरींवरूनच घ्यायचा. त्यासाठी ॲम्पला 'हाय लेव्हल इनपुट' हवं, नाहीतर मध्ये कन्व्हर्टर लागतो. स्पीकरच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो. त्यातली एकही अर्थिंगची समजून बॉडीला जोडायची नाही. काही स्टिरिओ आवाज वाढवला की स्वतःच बेस कमी करतात. तिथे तो भरून काढणारा डीएसपी बसवावा लागतो.

खरी काळजी विजेची. 300 वॅट आरएमएसचा, म्हणजे तेवढी ताकद सलग देणारा, क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात सत्तावीस-अठ्ठावीस अँपिअर ओढतो. स्टिरिओच्या मागची बारीक वायर त्यासाठी नाही. थेट बॅटरीपासून जाड तांब्याची वायर आणावी लागते. स्वस्त किटमधली वायर बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तेवढ्याच जाडीत ती कमी करंट झेपवते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो ॲम्पसाठी नसून वायरसाठी असतो. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या कडेला घासून वायर उघडी पडली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि फ्यूज नसेल तर वायर पेटते. त्या भोकात रबरी ग्रोमेटही लागतो. अर्थिंगची वायर आखूड ठेवायची आणि रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळायची. आरसीए केबल असेल तर ती पॉवरच्या वायरपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यायची. एवढं सांभाळलं नाही, तर ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येऊ शकते.

शेवटी सेटिंग. गेन हे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्यासाठी ते असतं. गरजेपेक्षा जास्त फिरवलं की छाटलेल्या लहरी वूफरकडे जातात आणि कॉइल तापून जळते. 'बेस बूस्ट' शून्यावर राहू द्यावा.

दुकानात आरएमएसचाच आकडा विचारा, 'मॅक्स'चा नको. मूळ वायरिंग न कापता कपलरने जोडणी होईल का, हेही विचारा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून आधी लेखी खात्री घ्या. मग एकच प्रश्न : पॉवरची वायर कुठून नेणार आणि फ्यूज कुठे बसवणार? उत्तर द्यायला जो बॉनेट उघडतो, त्याला काम द्या. जो आवाज वाढवून दाखवतो, त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.