बांध आपणच राखायचा

संगणकाची भाषा हा विज्ञान शाखेचा प्रांत, कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी तिकडे फिरकू नये, असा एक समज आपल्याकडे आहे. माझाही होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे सी भाषेच्या ऐच्छिक वर्गात बसलो तो भीतभीतच. पण त्या भाषेतील 'अ‍ॅरे' मला कळला तो डाळिंबाच्या रोपांमुळे. तेच येथे सांगावयाचे आहे.

पाच विषयांचे गुण संगणकात ठेवायचे असतील, तर पाच निरनिराळी नावे देण्याऐवजी एकाच नावाने पाच जागा मागता येतात. 'इंट गुण[५];' एवढे लिहिले (प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत लिहावे लागते) की संगणकाच्या स्मृतीत एकाला एक लागून पाच घरे मिळतात. 'इंट' म्हणजे पूर्णांक. अशा एकाच जातीच्या, सलग घरांच्या रांगेला अ‍ॅरे म्हणतात.

गंमत पुढेच आहे. पहिले घर गुण[१] नसून गुण[०] असते आणि पाचवे गुण[४]. असे का? माझे वडील रोपे लावतात तेव्हा शेताच्या कडेला खुंटी ठोकून दोरी ताणतात आणि दहा-दहा फुटांवर खूण करतात. पहिले रोप खुंटीपाशीच, म्हणजे शून्य अंतरावर. पाचव्या रोपाकडे जायला चारच अंतरे चालावी लागतात. कंसातला आकडा हा घराचा क्रमांक नव्हे; ते खुंटीपासूनचे अंतर आहे! आजच्या बहुतेक संगणकांत एका पूर्णांकाला ४ बाइट लागतात. रांग १००० या पत्त्यावर सुरू झाली, तर गुण[३] चा पत्ता १००० अधिक ३ गुणिले ४, म्हणजे १०१२. रांग कितीही लांब असो, एवढ्याच हिशेबात घर सापडते.

धोकाही येथेच आहे. मी प्रथम गुणांची बेरीज केली तेव्हा फेरा ० पासून ५ पर्यंत, ५ धरून, फिरवला. पाचशेपैकी गुण आले कित्येक लाख! गुण[५] हे घर माझे नव्हतेच. तेथे पडलेला भलताच आकडा बेरजेत मिसळला होता. संगणकाने मात्र चकार शब्द काढला नाही. सी भाषा अंतर मोजते, हद्द पाहत नाही. अशा वेळी कधी प्रोग्रॅम बंद पडतो, तर कधी उत्तर बरोबर दिसते, आणि ते सर्वांत वाईट. हद्दीबाहेर लिहिणे तर शेजाऱ्याच्या रानात नांगर घालण्यासारखेच.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये ही भाषा घडविली. १९७३ मध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली तिच्यात नव्याने लिहिली गेली. अशा कामात वेग महत्त्वाचा. म्हणून हद्द राखण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर राहिली. ती चुकली की काय होते, ते २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसले. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. त्याची एक वाट ५१२ अक्षरांच्या अ‍ॅरेतून जात होती. आलेला मजकूर त्यात मावतो का, हे 'गेट्स' नावाचे फंक्शन विचारतच नसे. अखेर २०११ च्या प्रमाणकातून ते काढून टाकण्यात आले.

म्हणून मित्रहो, एवढे ध्यानात ठेवा: पाच घरांच्या रांगेत फेरा ० पासून सुरू करावा आणि आकडा ५ पेक्षा लहान असेपर्यंतच चालवावा. माझी लाखांची बेरीज वडिलांना सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, "दोरी संपली की रोप संपलं. पुढचं रान आपलं नाही." सी भाषेचा याहून सोपा धडा मला अजून मिळालेला नाही.