अंगणातल्या खडीत गवत का माजते?

पावसाळ्यात दारापुढे चिखल होऊ नये म्हणून आपण अंगणात खडी टाकतो. विदर्भात तिला गिट्टी म्हणतात. पदरचे पैसे मोडून खडी आणावी आणि पुढच्या श्रावणात तिच्यातून गुडघाभर गवत उभे राहावे, हे अनेक घरी घडते. खडीने चिखल थांबतो, गवत थांबत नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

गवत दोन वाटांनी येते. खालच्या मातीत राहिलेल्या मुळ्या वर फुटतात. शिवाय धूळ आणि पालापाचोळा खडीच्या फटीत साचून त्याची माती होते व उडत आलेले बी तिच्यात रुजते. म्हणून दर आठवड्याला खडीवरचा पाचोळा झाडून काढावा.

उपटायचे केव्हा?

फुलावर येण्यापूर्वी. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असते, तेव्हा रोप मुळासकट निघते. हराळीचा एक तुकडा राहिला तरी तो पुन्हा रुजतो, म्हणून सगळे तुकडे वेचावेत. लव्हाळ्याची पाती ओढून उपयोग नाही. खुरप्याने खोल जाऊन खालच्या गाठी काढाव्या लागतात. आठवड्यातून पंधरा मिनिटे दिली तर महिनाअखेर दिवस मोडावा लागत नाही.

गाजरगवतापासून सावध

आपल्या देशात हे गवत १९५५ साली पुण्यात ठळकपणे नजरेस आले आणि नंतर देशभर पसरले. एका झाडाला हजारो बिया येतात. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. परागकणांनी काहींना दम्याचा त्रास होतो. उघड्या हातांनी ते कधीच उपटू नये. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी, नाकातोंडाला रुमाल लावावा. मुलांना या कामाला लावू नये.

औषध मारावे का?

घरच्या अंगणात नकोच. तिथे मुले खेळतात, कोंबड्या टिपतात. ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. २०२२ साली केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला. मीठही टाकू नये. जमीन नासते आणि भिंतीला लोणा लागतो. कोवळ्या रोपांवर भाताचे निथळलेले उकळते पाणी ओतले तरी ती मरतात. मात्र तेव्हा मुले जवळ नसावीत.

नवी खडी टाकताना

आधी मुळ्या खणून काढा. घरापासून बाहेर उतार देऊन जमीन धुमसाने ठोका. त्यावर खताच्या रिकाम्या, धुतलेल्या विणीच्या गोण्या एकमेकींवर वीतभर चढवून अंथरा. अखंड प्लास्टिक नको. त्यावर पाणी साचून डास होतात. वर तीन-चार इंच स्वच्छ खडी पसरा. मुरूम मिसळलेली खडी घेऊ नका, त्यातल्या मातीत गवत लगेच धरते. कडेने विटांची ओळ लावली की शेजारची हराळी आत शिरणे अवघड होते.

शेवटी एक सांगणे. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून आलेल्या माउलीनेच घरी येऊन पुन्हा खुरपे हाती घ्यावे, हा न्याय नव्हे. अंगण सगळ्यांचे आहे. सुटीच्या सकाळी घरच्या पुरुषांनी आणि तरुण मुलांनी खुरपे उचलावे.