रझांच्या अरण्याला सेझानची बांधणी

जबलपूर : भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्ये शिरण्यापूर्वी नर्मदा मंडला जिल्ह्यातील वनप्रदेश ओलांडून येते. जबलपूर विभागातील याच जिल्ह्यात, बाबरिया येथे २२ फेब्रुवारी १९२२ रोजी चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म झाला. वडील वनखात्यात होते. रझा आज ओळखले जातात ते ‘बिंदू’मुळे आणि लिलावांतील विक्रमी बोलींमुळे. त्यांच्या कलेचे मूळ मात्र या जंगलात आहे आणि ते कॅनव्हासवर उतरण्यास एका फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास कारणीभूत ठरला.

नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. रझा प्रथम तेथील कलाशाळेत आणि पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची निसर्गचित्रे पाहून ख्यातनाम छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी स्पष्ट मत दिले : गुण आहेत, पण चित्रांत बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करावा. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले.

पॉल सेझान हे उत्तर-दृक्प्रत्ययवादाचे, म्हणजेच पोस्ट-इम्प्रेशनिझमचे, अग्रणी. त्यांच्या आधीच्या दृक्प्रत्ययवाद्यांनी क्षणोक्षणी पालटणारा प्रकाश टिपला. सेझान यांना त्या प्रकाशाखालचा टिकाऊ सांगाडा हवा होता. तैलरंगात झाडांची दाटी रंगवताना ते पान न् पान काढत नाहीत. हिरव्या, निळ्या, गेरूच्या छटांचे फटकारे शेजारी शेजारी ठेवून ते खोड, खडक आणि फांद्यांमधले आकाश उभे करतात. एक फटकारा वगळला तरी समतोल ढळावा, अशी ती रचना असते.

रझांच्या फ्रान्समधील आरंभीच्या चित्रांत हा धडा घरांच्या कोनाकृती आकारांत दिसतो. जंगल आले ते बऱ्याच उशिरा. बालपणी रात्रीच्या अरण्याची वाटणारी भीती, गोंडांच्या नृत्यांनी तिला मिळणारा उतारा आणि दिवसाउजेडी बाजारात परतणारा धीर यांविषयी त्यांनी स्वतः लिहिले आहे. सत्तरच्या दशकातील चित्रांत म्हणूनच झाड ओळखू येत नाही. गडद काळोखातून पेटणारे लाल-पिवळे रंग येतात. १९७२ चे ‘तपोवन’ हे ॲक्रिलिक चित्र याच काळातले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ते सुमारे ४४ लाख ५० हजार डॉलरना विकले गेले. विक्रीच्या बातम्यांत मंडल्याची ती रात्र बहुधा सुटून जाते.

सुमारे सहा दशके फ्रान्समध्ये राहून रझा भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी, त्यांचे दफन करण्यात आले.