टेबल सॉ: पात्यामागची ती पट्टी काढू नका
टेबल सॉ म्हटलं की बोटांची काळजी वाटते. फळी उलटी उसळेल हे मात्र फारसं ध्यानात येत नाही. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेतं तेव्हा दात ताशी सुमारे १९० किलोमीटरने धावतात. लाकडातला ताण सुटून काप मिटला किंवा फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची बाजूची पट्टी, मागे पात्याकडे झुकली, की मागचे दात फळी उचलून थेट तुमच्या पोटाकडे भिरकावतात. म्हणून प्लग काढून फेन्स पात्याला समांतर आहे का ते मोजा, आणि रायव्हिंग नाइफ, म्हणजे काप उघडा ठेवणारी मागची पट्टी, जागेवरच असू द्या. ‘खाच मारताना ती अडते’ ही तक्रार स्प्लिटर नावाच्या जुन्या, उंच पट्टीबाबत खरी. रायव्हिंग नाइफ मात्र पात्याच्या माथ्याखाली राहते आणि त्याच्यासोबतच वरखाली होते. हातमोजे? चक्क काढा, दात कापडासकट हात ओढतात.